तबकडीला बुक्का

कामठ्याच्या मारुतीपुढं दहीहंडी टांगून झाली, परातीत लाह्यांचा काला कालवून झाला, अन् तिरोड्याहून कीर्तनकार बुवांचा फोन आला. "बकारामजी, घसा पार बसला हो. माफ करा."

बकारामनं टांगलेल्या हंडीकडं पाहिलं. सप्ताह त्याच्याच हौसेनं बसलेला. काल्याचं कीर्तन झाल्याशिवाय हंडी फुटत नाही, हंडी फुटल्याशिवाय सप्ताह उठत नाही, आणि धानाची कापणी सोडून अख्खं गाव समोर मांडी घालून बसलेलं.

"मामा, ईश्वरदास महाराजाले लावू का?" भाची गुंजन म्हणाली.

"थट्टा कायले करते वं? महाराज वैकुंठाले जाऊन जमाना झाला."

गुंजन गोंदियाच्या कॉलेजातली. तिला अन् तिच्या मैत्रिणींना जुन्या रेकॉर्डींचं भलतंच वेड. भंगाराची दुकानं पालथी घालून पोरी तबकड्या उराशी धरून आणत. "मोबाइलात सारं फुकट असताना काऊन हा पसारा?" असं बकारामनं छेडलं की ती म्हणे, "मोबाइल वाजत राहते अन् आपण फिरत राहतो, मामा. हिच्यापुढं बसाच लागते." हे त्या कीर्तनवेड्याला मनातून पटलेलं, तोंडानं कबूल नव्हतं एवढंच.

आज तिनं मामासाठी आणलेली रेकॉर्ड महाराजांच्या काल्याच्या कीर्तनाचीच निघाली! बुवांच्या जागी चौरंगावर तिचा रेकॉर्ड प्लेअर बसला, पुढ्यात माइक आला. सुई टेकली, जरा खरखर झाली, आणि तोच आवाज! बकारामनं लहानपणी ऐकलेला, अगदी तोच.

पूर्वरंग संपला, तशी गुंजननं बाजू पलटली. तेवढ्यात अनुसयाबाई उठल्या. मध्यंतरात कीर्तनकाराला हार-बुक्का करायचा मान त्यांचा. हार त्यांनी प्लेअरला घातला. कपाळ काही सापडेना, म्हणून चिमूटभर बुक्का तबकडीलाच लावला.

"आजी, नाही!" गुंजन ओरडली, पण जयजयकारात ऐकतं कोण?

उत्तररंगात कृष्ण शिंक्यापाशी पोचला, गाव 'जय' म्हणालं, आणि महाराज गरजले, "अजून जोरात!"

"जय!"

"अजून जोरात!"

"जय!!"

"अजून जोरात!"

"महाराजाले ऐकू नाही जाऊन राहिलं गा!" मागून कोणीतरी म्हणालं. किराणावाले दुर्गाप्रसाद सेठ उठून उभेच राहिले. "अरे, पूरा दम लगाओ!"

"मामा, सुई अटकली! बुक्क्यानं!" गुंजन धावली. बकारामनं तिचा हात धरला. त्याचे डोळे पाण्यानं भरलेले, अन् हसू काही आवरत नव्हतं. "अटकू दे वं! जित्तेपणी बी महाराज असेच अटकत. गाव खुलल्याबिगर पुढं जात नसत."

मग काय! टाळ कडाडले, म्हातारे फुगड्या घालू लागले, सेठ धोतर सावरत उड्या मारू लागले. जमीन हादरली, चौरंग थरथरला, सुई टुणकन उडाली.

"हां! आता कसं!" महाराज म्हणाले.

रेकॉर्डीतलं गाव खदखदून हसलं, कामठाही हसला, आणि कोणतं हसू कुठलं ते बकारामला कळेना. कीर्तन तडीला गेलं. हंडी फुटली.

"पुढच्या सालीही महाराजालेच बोलवा," अनुसयाबाई म्हणाल्या. "घसा तं बसत नाही कधी." आणि पहिला प्रसाद कीर्तनकाराचा, म्हणून दहीकाल्याची भरली मूठ घेऊन त्या चौरंगाकडे निघाल्या.

गुंजननं तबकडीवर अंगच टाकलं. "आजी, थांबा! महाराजाचा उपास हाये!"