विसरायचा तास

न्हाव्याच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलंच. जन्मभर लोकांची डोकी सरळ करणारा हा माणूस, पण स्वतःच्या डोक्यापुढे कोणाचं काही चालू देईल तर शपथ!

"अगं, त्या संशोधन केंद्रात दुखण्यावर प्रयोग चाललाय, चांगले पैसे देतात. एकच तास! आधी सुई टोचतात. मग दुखतं, भरपूर दुखतं. पण नंतर काही म्हणजे काही आठवत नाही. त्या पैशांत माझं स्वतःचं दुकान होतंय!"

वीस वर्षं तो दुसऱ्याच्या दुकानात उभा राहून केस कापत होता. संशोधन केंद्राचा कागद भरून तयार होता, सही तेवढी बाकी.

"आठवत नाही म्हणजे दुखलं नाही होय?" बायको म्हणाली. ती हाडांच्या दवाखान्यात नर्स होती.

"आठवतच नाही, तर दुखलं कुणाला? सांग ना!"

तिने वाद घातला नाही. "उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? चला माझ्याबरोबर. आमचा मदतनीस रजेवर आहे, पेशंट धरायला माणूस हवाय."

पेशंट होता एक धिप्पाड सुतार. शिडीवरून पडून त्याचा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी सुई दिली. "यातलं यांना काही आठवायचं नाही," असं म्हणत त्यांनी हात ओढला.

सुतार जिवाच्या आकांताने ओरडला. "सोडा! आई गं, मेलो! सोडा मला!" न्हाव्याचा एक हात त्याच्या छातीवर होता. दुसरा सवयीनेच त्याच्या केसांत गेला. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक बिथरलं की तो हेच करायचा, कपाळापासून मानेपर्यंत सावकाश बोटं फिरवायची. सुताराने डोकं त्या हातात सोडून दिलं आणि हुंदके देत म्हणाला, "जाऊ नको रे."

"नाही जात, बाबा. इथेच आहे मी."

खांदा बसला. अर्ध्या तासाने सुतार पाणी पिता पिता विचारतो कसा, "मग डॉक्टर, कधी बसवताय?" सगळे हसले. न्हाव्याला मात्र काही केल्या हसू येईना.

घरी जाताना तो म्हणाला, "त्या केंद्रात जवळ कोण बसतं गं?"

"कोणी नाही. तुमच्या कागदातच लिहिलंय. आपलं आपण सोसायचं."

तो रस्त्यातच थांबला. "तो रडत होता ते काय खोटं होतं? आता त्याला आठवत नाही, पण तेव्हा होता ना तो तिथे! तिथे मीही असाच ओरडत असणार. आणि मीच त्या ओरडणाऱ्याला एकट्याला टाकून, पैसे खिशात घालून, शीळ वाजवत घरी येणार. नाही गं बाई. नाही जमायचं मला."

"मग दुकान?"

"आपल्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकू. एकच. बघू किती लोक येतात."

बायकोने भर रस्त्यात त्याचा हात घट्ट धरला. "खिडकीपाशी टाका," ती म्हणाली, "उजेड चांगला येतो तिथे."