पांढऱ्या टेपखाली

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. अंगठ्याएवढे पितळी अंग, त्यावर फिरवून बसवायचे आटे आणि डोक्यावर एकच वायर, एवढाच माझा पसारा. ट्रकच्या गिअरबॉक्समधले ऑईल किती तापले आहे, ते केबिनमधल्या मीटरला सांगणे हे माझे काम. देवाने मला तेवढेच नेमून दिले. कारखान्यात गरम तेलात बुडवून माझी परीक्षा झाली, तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "हा बोलका आहे हो." ते शब्द आठवले की आजही मेल्याहून मेल्यासारखे होते.

मला विकत घेतले ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांच्या जावयाने जुना ट्रक घेतला होता. चढाच्या रस्त्याने माल न्यायचा, सोबत मिस्त्रींची लेक. दोघांचे घर त्या ट्रकवर चालणार होते. म्हणून मिस्त्रींनी मला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः गाडीखाली शिरले, गिअरबॉक्सचे तोंड पुसले आणि ऑईल गळू नये म्हणून माझ्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. एक वेढा, वर आणखी एक. मग लेकीची आठवण झाली असावी. वर आणखी गुंडाळली.

"जावईबापू, थेंब गळला तर नाव बदलीन," गाडीखालून बाहेर येत ते म्हणाले.

मित्रांनो, वायरीतून आलेली वीज माझ्या आट्यांमधून गिअरबॉक्सच्या धातूत उतरते, तेव्हाच मीटरचा काटा चढतो. त्या टेपेने माझे अंग धातूला धड टेकूच दिले नाही. एवढ्या मायेने कुणी माझे तोंड बांधले नसेल. गाडी सुरू करून पाहिली तेव्हा काटा किंचित हलला आणि हिरव्या पट्ट्यात बसून राहिला. सगळ्यांना वाटले, ऑईल थंड आहे.

पुढे एका लांब चढावर ऑईल उकळू लागले. ऑईलात बुडालेल्या माझ्या नाकाला चटके बसत होते. वर काटा मात्र हिरव्यात. लेक त्याच्याकडे बघून म्हणत होती, "बाबांनी बसवलंय, काळजी नको." आणि गिअर जळाले. भरलेला ट्रक मागे सरकू लागला. जावई ब्रेकवर उभाच राहिला म्हणा ना. लेकीने खाली उडी टाकून चाकामागे दगड सारला, म्हणून दोघे वाचले.

गॅरेजात जळक्या ऑईलचा वास सुटला, तसे मिस्त्री सगळ्यांदेखत जावयाला बोलले. माझ्या हातचे मीटर खोटे सांगणार नाही, तुमचे डोळे कुठे होते? जावई म्हणाला, काटा हिरव्यातच होता. लेकही तेच म्हणाली. तिला "नवऱ्याची बाजू घेतेस" असे ऐकावे लागले. त्यानंतर जावई लेकीला माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि उंबऱ्याशी न येता परत फिरायचा. मी जळक्या गिअरबॉक्सला चिकटून सगळे ऐकत होतो. सांगावे तर आवाज कुठे होता?

नवा गिअरबॉक्स आला. मिस्त्रींनी मला काढले, आणि टेपेवर नजर पडून त्यांचा हात थांबला. त्यांनी मला वायर जोडली, माझे नाक चुलीवरच्या उकळत्या पाण्यात धरले आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेली लोखंडी पट्टी टेपेवरूनच टेकवली. काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी नखाने टेप सोलली आणि तीच पट्टी उघड्या आट्यांना टेकवली. काटा सरसर वर गेला.  ती टेप मिस्त्रींच्या मुठीत होती. जवळ कुणी नव्हते, चूल पेटलेली होती. टाकली असती तर कुणाला कळले असते?

जावई भाडोत्री गाडीतून सामान घेऊन आला, तेव्हा गॅरेज माणसांनी भरलेले होते. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर मूठ उघडली.

"काटा तुम्ही नीट बघत होता, जावईबापू. त्याचं तोंड मी बांधलं होतं."

 जावयाने ती टेप हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "मामा, थेंब मात्र एक गळला नाही हं."

मिस्त्री हसले की रडले, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी जावई घराचा उंबरा ओलांडून आत गेला, एवढे खरे.

गाडीत आता नवा सेन्सर आहे, उघड्या आट्यांचा. मी मिस्त्रींच्या कामाच्या फळीवर खिळ्याला टांगलेला असतो. ते रोज नेमाने मला पुसतात, आणि मी खजील होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असे हिरव्या काट्यासारखे शांत असेल. त्याला दटावण्याआधी एकदा जवळ जाऊन हात लावून पाहा. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला जपताना, त्याला बोलायला तेवढी जागा ठेवा.