येसराच्या घरी आलेला कॉफीचा ड्रम

मी एक जुना कॉफी भाजायचा ड्रम आहे. जुना म्हणजे फार नाही, पण ज्या घरात दर दिवाळीला कुणाचा ना कुणाचा मोबाईल बदलतो, तिथे चार वर्षांत वस्तू म्हातारी होते. शिवाय माझ्या वाट्याला जी माणसं आली, त्यांनी मला वयाआधीच थकवलं. मित्रांनो, मी जरा वैतागलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म वाळूजच्या एका लहानशा कारखान्यात झाला. भोकं पाडलेला पत्रा गोल वळवला, मधून दांडा घातला, एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला झाकण बसवलं, की झालो मी तयार. मला गॅसच्या शेगडीवर ठेवायचं, पोटात वाटीभर कच्च्या, हिरवट बिया घालायच्या आणि मूठ फिरवत राहायचं. बिया पिवळ्या होतात, मग तपकिरी होतात, आणि मग तडतडायला लागतात. ती तडतड म्हणजे माझं बोलणं. मला दुसरं काही बोलता येत नाही. पहिली बी तडकली की कामाला सुरुवात झाली असं समजायचं. मग तडतड वाढते, भरात येते आणि ओसरते. ओसरली की उतरवायचं. कारखान्याने हे सगळं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत गेलं.

मला घरी आणलं हिमांशूने. तो ज्योतीनगरात आईवडील आणि बायको नीरजा यांच्यासोबत राहतो आणि शेंद्र्याला नोकरी करतो. चिकमगळूरच्या सहलीवरून तो कच्च्या बियांची पिशवी आणि एक नवं वेड घेऊन आला होता. कॉफी आता घरीच भाजायची, असं त्याने जाहीर केलं.

काय सांगू त्याचं भाजणं! धूर नको म्हणून शेगडीवरची चिमणी पूर्ण जोरात लावायची. तिची घरघर सुरू. एका हातात माझी मूठ, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये कुणीतरी कॉफी कशी भाजावी ते सांगतोय. बाहेर बैठकीत त्याचे वडील केशवराव टीव्हीवर बातम्या ऐकणार, त्याही शेजाऱ्यांना कळतील अशा आवाजात. या गोंगाटात मी घसा फोडून तडतडायचो. ऐकतंय कोण? त्याला सगळं धूर डोळ्यांत गेल्यावर कळायचं. बरं, करपलेल्या का होईना, बिया निवू तरी द्याव्यात. तेही नाही. गरम गरम बिया स्टीलच्या डब्यात भरून घट्ट झाकण. आतल्या आत वाफ धरायची.

"बाबा, चेरीचा स्वाद येतोय ना?" कप पुढे करून तो विचारायचा.

"मला तर होळीच्या दुसऱ्या दिवशीचा येऊ लागलाय," केशवराव म्हणायचे.

काही महिन्यांत वेड उतरलं. मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेलो. शेजारी आइस्क्रीमचं भांडं आणि एक तुटका पाट. तिथे मी धूळ खात पडलो, आणि खरं सांगायचं तर त्या चिमणीपासून सुटका झाली म्हणून पहिले काही दिवस मला बरंच वाटलं.

माळ्यावरून सगळं दिसायचं. हिमांशूची आई अनसूयाबाई दरवर्षी येसर करायच्या, तोही दिसायचा. येसर म्हणजे ज्वारी, गहू, डाळ, धने असं एकेक मंद आचेवर भाजून, दळून ठेवलेला आपला मराठवाड्याचा मसाला. त्यांच्या येसराचे डबे वैजापूरला नणंदेकडे, सरिताबाईंकडे जायचे, कॉलनीतल्या चार घरांत जायचे. बाई फारसं बोलत नसत. जे काही सांगायचं ते त्या डब्यातून पाठवायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना त्यांचा वास घेऊन गेला. नाकाला काहीच कळेना. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फोडणी करपायला लागली. भाजलेल्या धन्याची मूठ नाकाशी नेऊन त्या कितीतरी वेळ उभ्या राहायच्या, मग हात खाली यायचा. आणि एका संध्याकाळी दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच सुरू राहिला. बाई शेजारीच पालक निवडत बसलेल्या. नीरजा ऑफिसमधून आली, तिला दारातच वास आला. तिने धावत येऊन आधी बटण बंद केलं.

"आई, तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीये जरा."

"इतका गॅस भरलाय घरात, आणि सर्दी?"

बाईंनी पालकाची एक काडी मोडली आणि मान खाली घातली. मग सगळं बाहेर आलं.

डॉक्टर म्हणाले, लवंग, लिंबू, कॉफी असे ठसठशीत वास रोज घ्या, हळूहळू परत येईलही. घरच्यांनी पुढचं ठरवलं. बाईंनी एकटीने गॅसला हात लावायचा नाही. आणि हिमांशू सहज म्हणून गेला, "येसर यंदा बाजारातून आणू, आई. खामखा कशाला त्रास." चांगल्या मनाने म्हणाला हो. पण बाईंचा चेहरा मी वरून पाहिला. त्यांच्या हातातून नुसती कढई नाही, सगळं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं.

कॉफीच्या वासासाठी म्हणून हिमांशूने मला माळ्यावरून काढलं. त्याने पहिला घाणा नेहमीसारखा जाळला. बाईंनी त्याच्या हातातून मूठ घेतली.

"सरक तिकडं. भाजायचं मला शिकवू नको."

मला वाटलं, आता तरी जाणत्या हाताशी गाठ पडली. कसलं काय! मित्रांनो, हे दुसरं दुखणं निघालं. येसराची ज्वारी तडकली की तिची लाही होते, येसर बिघडतो. म्हणून पहिला दाणा तडकायच्या बेतात आला की कढई उतरवायची, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय. माझी पहिली बी तडकली रे तडकली, की बाईंनी सांडशीने माझं झाकण उघडून बिया ताटात ओतल्याच. अहो, ही ज्वारी नाही, जरा थांबा! पण ड्रमचं कोण ऐकतं? बिया कच्च्या राहायच्या. केशवराव तो कप पिऊन म्हणाले, "गवताचा काढा केलास का गं?" मुलाच्या हातून कोळसा आणि आईच्या हातून गवत. मधल्यामध्ये मी.

आणि घरात हळूच बोलणं सुरू झालं, की आईला आता भाजणं जमत नाही. बाईंनी ते ऐकलं.

मग एका शुक्रवारी सकाळीच वीज गेली. मुलगा-सून कामावर गेलेले. बाईंनी गॅलरीकडे एकदा पाहिलं, केशवराव पेपरात होते. त्यांनी मनाई मोडली आणि मला शेगडीवर चढवलं. चिमणी बंद, टीव्ही बंद, फ्रिजसुद्धा गप्प. इतकी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती.

पहिली बी तडकली. बाईंचा हात सवयीने खिळ्याकडे गेला. सांडशी खिळ्याला नव्हती. नीरजाने आदल्या दिवशी आवरताना ती कुठेतरी ठेवून दिली होती.

"अहो, सांडशी बघा ना कुठंय!"

"काय?"

"सांडशी! आधी उठा तरी."

केशवराव चष्मा शोधत उठले. बाईंच्याने मूठ सोडवेना, सोडली तर बिया करपतील. त्या फिरवत राहिल्या आणि मी बोलत राहिलो. एक, मग चार, मग सगळ्या बिया मिळून. बाई खालच्या ओठावर दात रोवून, आता बिघडलं, आता बिघडलं, असं पुटपुटत होत्या. आणि मग तडतड विरळ व्हायला लागली. बाईंची मान तिरपी झाली. माझ्याकडे कान देऊन त्या ऐकत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकलं.

शेवटची बी तडकून गप्प झाली तेव्हा केशवराव ड्रॉवरमधून सांडशी घेऊन आले. बिया सुपात पडल्या. एकसारख्या, बदामी-तपकिरी. बाईंनी खिडकीशी त्या पाखडल्या, फोलपटं उडून केशवरावांच्या चष्म्यावर बसली. पूर्ण निवल्यावरच डबा भरला, झाकणही सैल ठेवलं.

रविवारी कॉफी झाली. केशवराव प्यायले. रिकामा कप परत पुढे केला. हिमांशू मात्र उठून कच्च्या बिया घेऊन आला. "आई, कसं केलंस? परत दाखव." त्याने सवयीने चिमणीचं बटण दाबलं.

"ती बंद कर," बाई म्हणाल्या. "मला वास येत नाही, बाबा. ऐकू येतं. तेवढं राहू दे."

हिमांशूने चिमणी बंद केली आणि खिडकी उघडली. नीरजाने पुढच्या आठवड्यात शेगडीजवळ गॅस गळला की ओरडणारं यंत्र बसवलं, आणि सांडशी पुन्हा खिळ्याला टांगली. बाजारातून येसर आणायचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनी कढई काढली, घरात सगळ्यांना गप्प बसवलं आणि दाणा तडकायच्या आधीची बारीक चुरचुर ऐकून एकेक धान्य उतरवलं. डबा वैजापूरला गेला. सरिताबाईंचा फोन आला.

"वहिनी, यंदाचा येसर कुणी केला?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

वास अजून परत आलेला नाही. रोज सकाळी बाई डबा उघडतात, नाक आत घालतात, वाट बघतात आणि झाकण लावतात. त्या नाकावरही माझा राग आहे. पण मग त्या मला शेगडीवर चढवतात आणि मान तिरपी करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, बाईंसारखं एखादं माणूसही असेल. मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असं मी म्हणत नाही. भाजून झाल्यावर आतली फोलपटं तेवढी झटका, आणि मी बोलत असताना कृपा करून ती चिमणी बंद ठेवा.