टेकडी दिसते का?

जोलीन ब्राँट गावात येणार म्हटलं की मात्रोना इव्हानला कुठं लपू असं व्हायचं. तसं त्या बाईत घाबरण्यासारखं काही नव्हतं. बेथेल शहरातून सकाळच्या विमानानं यायची, शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडायची आणि विमानात बसणाऱ्यांना शहाणपणाचे चार धडे द्यायची. फिरत्या पंख्याच्या पुढे जायचं नाही, सामानाचं वजन खरं सांगायचं, पायलटच्या मागे घाईचा लकडा लावायचा नाही. नदीकाठच्या चाळीस गावांत, वर्षातून एकदा. पण ही जोलीन डेरेक नावाच्या पायलटची थोरली बहीण होती, आणि डेरेक अकरा वर्षांपूर्वी याच गावाला येताना विमानासकट टेकडीवर आपटून गेला होता.

आजवर मात्रोनानं दर खेपेला काहीतरी सबब काढून वर्ग टाळला. कधी मासे वाळत घालायचे होते, कधी गुडघा धरला होता. या वर्षी मात्र सुटका नव्हती. विमान कंपनीची गावातली एजंट तीच. येणाऱ्या पायलटला रेडिओवर हवा सांगायचं काम तिचं. कंपनीनं निरोप धाडला, वर्गाला बसली नाहीस तर रेडिओ दुसऱ्याच्या घरी ठेवू. मग काय, बसली बिचारी मागच्या रांगेत, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.

“आज एकच गोष्ट शिकायची,” जोलीन म्हणाली. “पायलट विचारेल, टेकडी दिसते का? दिसत असेल तर दिसते म्हणा. नसेल तर नाही म्हणा. थोड्या वेळात हवा उघडेल, असलं काही सांगायचं नाही.”

“आणि बायकोला माहेरी धाडायचं असेल तर?” म्हाताऱ्या मोझेसनं विचारलं.

“तरी नाही, मोझेसकाका.”

“मग ह्या वर्गाचा मला उपयोग काय?”

सगळे हसले. मोझेसची बायको सर्वांत मोठ्यानं हसली.

हसणं ओसरल्यावर जोलीननं डेरेकचं चित्र पडद्यावर लावलं. लाल टोपी, कानापर्यंत हसू. “हा माझा भाऊ,” ती म्हणाली, पाढे म्हणावेत तशा आवाजात. “हवा वाईट होती. रेडिओ हाताशी होता. यानं गावाला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आज जिवंत असता. असं करू नका, एवढंच सांगायला मी हिंडते.”

मात्रोनानं पेला खुर्चीखाली ठेवला.

कारण त्यानं विचारलं होतं. त्या दिवशी गावातल्या मुलींचा संघ बेथेलला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला जायचा होता. मात्रोनाची मुलगी संघात होती. पिशव्या भरून मुली सकाळपासून धावपट्टीवर नाचत होत्या आणि आया दर पाच मिनिटांनी येऊन मात्रोनाला छळत होत्या. तेवढ्यात डेरेकचा आवाज आला, “मात्रोना, टेकडी दिसते का?” तिनं खिडकीतून पाहिलं. टेकडीच्या जागी नुसता पांढरा ढग. पण तासाभरापूर्वी दिसली होती, आणि तो येईपर्यंत उघडेलच, असं तिनं मनाशी धरलं. “दिसते,” ती म्हणाली. “ये लवकर. मुली जीव खातायत.”

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, पायलटचा रेडिओ आला होता का? ती म्हणाली, नाही. ते बोलणं कुठं टिपलेलं नव्हतं. एवढ्या एका शब्दावर कागद झाले, आणि दोष मेलेल्याच्या माथी बसला. पहिल्या खोटेपणात निदान आशा होती. दुसऱ्यात नुसती भीती होती, आणि या दुसऱ्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

मात्रोना उभी राहिली. “विचारलं होतं त्यानं.”

“काय?” जोलीन म्हणाली.

“डेरेकनं. टेकडी दिसते का, म्हणून. दिसत नव्हती. मी दिसते म्हणाले. साहेबाला सांगितलं, रेडिओ आला नव्हता. मी खोटं बोलले, जोलीन. दोन्ही वेळा.”

मोझेस आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्याची नातही त्या संघात होती. जोलीननं यंत्र बंद केलं, तार गुंडाळली, ती सुटली, परत गुंडाळली. मग म्हणाली, “वर्ग संपला.”

धावपट्टीवर जायला गावात एकच गाडी, मात्रोनाची उघडी, मोटारसायकलसारखी बसायची चारचाकी. त्यामुळे जोलीनला तिच्याच पाठीमागे बसावं लागलं. नदीवरून धुकं चढत होतं.

दोघी उतरल्या आणि मात्रोनानं सोबत आणलेला छोटा रेडिओ खरखरला. जोलीनला न्यायला येणारा पायलट होता. “मात्रोना, वीस मिनिटांत पोचतो. टेकडी दिसते का?”

मात्रोनानं मान वळवली. पायथ्याची झुडपं तेवढी दिसत होती, वर काही नाही.

“दिसते म्हणा,” जोलीन मागून हळूच म्हणाली. “मला या गावात मुक्काम करायचा नाही. तुमच्या तोंडासमोर तर नाहीच. पायथा दिसतोय की.”

मात्रोनानं तिच्याकडे पाहिलं. ब्राँटांच्या घरातल्या माणसाला देता येण्याजोगं काहीतरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात होतं, आणि तिला ते फार द्यावंसं वाटलं. तिनं बटण दाबलं.

“दिसत नाही,” ती म्हणाली. “परत फीर.”

“बरं. उद्या बघू.”

जोलीन टपालाच्या पोत्यावर बसली. आपण काय बोलून गेलो ते तिला आता कळलं असावं, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मात्रोना जवळ गेली नाही. जाण्याचा आपल्याला हक्क नाही, हे तिला ठाऊक होतं.

“बाबा फेब्रुवारीत गेले,” जोलीन शेवटी म्हणाली. “डेरेकचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही कधी. विमान त्यांनीच शिकवलं होतं त्याला. म्हणायचे, पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर आधी विचारायचं. गाढवानं साधं विचारलंसुद्धा नाही.”

मात्रोना चारचाकीला टेकली.

“त्याचा देह तुम्ही गावकऱ्यांनी टेकडीवरून खाली आणलात म्हणून बाबांनी तुम्हाला आभाराचं पत्र पाठवलं होतं. मिळालं होतं?”

“हो.”

“खाली त्यांचा फोन नंबर होता.”

“होता,” मात्रोना म्हणाली.