पुरून उरेल

“बत्तीस पुरून उरेल,” असं म्हणत वाल्देसिरदाजींनी मेमरीचं ते बोटभर बोर्ड पिनांवर दाबलं. मी कॉफी घेऊन दारात उभी होते. हसू लपवायला कपच तोंडाला लावला.

हे वाक्य मी बहिणीच्या लग्नापासून ऐकत आलेय. दाजींनी पलंग घेतला तो दीड माणसाचा. पुरून उरेल! फ्रिज घेतला त्यात नाताळची टर्की मावेना, तेव्हा दार दोरीने बांधून ठेवलं. पोस्टात पत्रं वेगळी करण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस कंजूस मुळीच नाही, त्यांना मोठ्या वस्तूची भीतीच वाटते. आणि इवोनेती, माझी बहीण, त्या पलंगाच्या कडेवर झोपून इतकी वर्षं गंमत बघत आली.

निवृत्तीनंतर दाजींनी हे एफपीजीएचं यंत्र आणलं. त्यातली चिप जुन्या यंत्रांचं सोंग हुबेहूब वठवते. दाजींच्या तरुणपणीच्या कॉम्प्युटरला बत्तीस मेगाबाइट खरंच पुरून उरत होते. पण आता खेळायचं होतं इवोनेतीला. तरुणपणी शिवणाच्या कारखान्यातून सुटली की ती सोरोकाबाच्या बसस्थानकासमोरच्या बारमध्ये विमानांचा एक खेळ खेळायची. शेवटचा किल्ला मात्र तिला कधीच पाडता आला नाही. सोमवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं.

“किल्ला पाडूनच जाईन म्हणते,” एवढंच ती बोलली होती.

खेळ सुरू केला. पडद्यावर अक्षरं उमटली : मेमरी अपुरी.

“बघा दाजी, आता टीव्हीसुद्धा तेच म्हणतोय.”

इवोनेती खळखळून हसली आणि तिला धाप लागली. दाजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

“साओ पाउलोला जातो. मोठं बोर्ड आणतो.”

“अहो दाजी, आज शनिवार. दुकानं दुपारीच बंद होतात,” मी म्हणाले.

“म्हणून तर आत्ता निघतोय.”

“तूही जा गं झेनाइदे,” इवोनेती मला म्हणाली. “मी काही पळून जात नाही.” मी गेलेच. दाजींना एकटं सोडलं असतं तर पुन्हा कमीवरच समाधान मानून आले असते.

दुकानातल्या बाईने दोन बोर्डं पुढे ठेवली. “या खेळाला चौसष्ट बस झाले, काका. पुरून उरेल.”

दाजींनी चौसष्टचं बोर्ड परत तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “मला पुरवून पुरवून वापरायचं नाहीये. एकशे अठ्ठावीसचं द्या.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांची एकदाही थट्टा केली नाही.

रविवारी त्यांनी नवं बोर्ड बसवलं. पडदा काळाच. बोर्ड पिनांच्या एका ओळीने सरकून बसलं होतं. जळलं असेल या भीतीने दाजी ते ओढायला लागले.

“वाल्दे, घाई करू नकोस,” इवोनेती म्हणाली. “पत्रं लावायचास ना, तसं लाव. ज्याचं त्याच्या खणात.”

त्यांनी ते उपसलं, डोळ्यांजवळ धरून नीट बसवलं आणि मेमरीची चाचणी लावली. कुकरमध्ये काळा घेवडा शिजेपर्यंत आकडे हिरवेच राहिले, म्हणजे बोर्ड शाबूत होतं. नवं बोर्ड उंच होतं, त्यामुळे यंत्राचं झाकण काही लागेना.

“राहू दे उघडं,” दाजी म्हणाले.

जेवण झाल्यावर इवोनेती खेळायला बसली. बोटं काही विसरली नव्हती. किल्ला आला. तिथे तिचं एक विमान पडलं, मग दुसरं. माझा जीव टांगणीला लागला.

“एकच जीव उरलाय गं,” मी म्हणाले.

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

“पुरून उरेल,” ती म्हणाली.

दाजी तिच्या खुर्चीमागे उभे होते. ते न बसणारं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.