दोन पायऱ्या खालचा महापूर

पर्यावरण सप्ताहाच्या पहिल्या दिवशी कॉलेजच्या दारातल्या कडुलिंबाला चार मोठे खिळे ठोकून 'झाडे जगवा' असं डिजिटल बॅनर लावण्यात आलं. त्यावर पृथ्वी लहान होती आणि संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह मोठे होते. लिंबाला कुणी काही विचारलं नाही.

खरा प्रश्न लिंबाचा नव्हता, रेघेचा होता. २०१९ च्या महापुरात पंचगंगा नदी कॉलेजच्या पायऱ्या चढून थेट वरच्या पायरीला टेकली होती. पाणी ओसरल्यावर भूगोलाच्या क्रांती चौगुले मॅडमनी पायऱ्यांलगत खालून वर गेलेल्या खांबावर पाण्याच्या उंचीला लाल रेघ मारली आणि शेजारी साल लिहिलं. पुढं कित्येक वर्षं पोरं त्या रेघेला टेकून वडापाव खात होती, आणि व्यवस्थापनाला रेघेचा काही त्रास नव्हता.

यंदा त्रास सुरू झाला. इमारतीमागं ओढ्याकाठी मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं. अध्यक्षांच्या मातोश्रींचं, म्हणजे आक्कांचं, नाव त्याला द्यायचं होतं. लाल रेघ खरी धरली तर वसतिगृहाचा तळमजला पुराच्या पाण्यात जात होता. संस्थेची उंचावरची जागा होती, पण तिथं अध्यक्षांच्या मेहुण्यानं लग्नाचं लॉन थाटलं होतं. लॉन हलवणं अवघड होतं. त्या मानानं महापूर हलवणं सोपं.

"रेघ पुसायची नाही, मॅडम," प्राचार्य केतन मगदूम म्हणाले. "हरित परिसर पुरस्काराची समिती येतीय. त्यांना असलं काहीतरी आवडतं. आपण रेघेचा सन्मान करू. संगमरवरात."

"कुठं?"

"त्याच खांबावर. जरा खाली."

"जरा म्हणजे?"

"दोन पायऱ्या. वर पाण्याचा पाईप आडवा येतो, पाटी उठून दिसत नाही."

"सर, पूर पाईप बघून थांबत नाही."

"तुम्ही भूगोलवाले फार शब्दशः घेता बघा."

"खालच्या खोल्यांत साठ मुली झोपणार आहेत, सर. ओढा फुगला तर पाणी आधी तिथं शिरणार. ते रात्री आलं तर?"

"पुरात कॉलेजला सुट्टीच असते की."

मगदूम सरांनी 'हवामान बदल : आव्हाने आणि संधी' या विषयावर तीन शोधनिबंध वाचले होते. संधी त्यांना कळली होती.

"आणि एक लक्षात ठेवा," सर कागद आवरत म्हणाले, "तासावरच्या शिक्षकाची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. हवामानासारखंच आहे ते. कधी बदलेल सांगता येत नाही."

"कार्यक्रमात मला काम काय?"

"नेहमीचंच. आभार."

कॉलेजात प्रास्ताविक कायम झालेल्यांना मिळतं, सूत्रसंचालन मर्जीतल्यांना आणि आभार तासावरच्यांना. आभाराला लोक उठून नाश्त्याचा वास कुठून येतोय ते बघायला लागलेले असतात. अकरा वर्षं क्रांती मॅडम उठणाऱ्या पाठींचे आभार मानत होत्या.

कार्यक्रमाला समितीचे दोन सदस्य आले. उकाडा फार, म्हणून त्यांच्या गाडीचा एसी कार्यक्रमभर दारात चालूच ठेवला होता. पायऱ्यांसमोर मांडव, पुढच्या खुर्चीत गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आक्का, आणि त्यांच्यामागं भिंतभर डिजिटल : 'महापुरात पंचगंगामाईची ओटी भरताना मातोश्री'. पूर दाराला आला की नदीला माहेरवाशिणीसारखी खणानारळानं ओटी भरून परत पाठवायची, ही इकडची रीत. त्या वर्षी आक्का होडीतून कॉलेजच्या पायरीवर जाऊन ओटी भरून आल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. तेव्हापासून पूर आपण परतवला याबद्दल आक्कांच्या मनात शंका नव्हती. फोटोत त्या वाकल्या होत्या आणि सगळीकडं पाणी होतं. पायऱ्या काही दिसत नव्हत्या.

अमरसिंहांनी भाषणात मुद्द्यालाच हात घातला. "ग्लोबल वॉर्मिंग असंल तिकडं परदेशात! आमच्या संस्थेत त्याला थारा न्हाय!"

टाळ्या पडल्या. समितीनं पडदा ओढला. 'मातोश्री जलस्मृती रेषा' उजेडात आली. लाल रेघ रंगाखाली गेली होती. नव्या रेघेच्या वर वसतिगृहाचा पाया कोरडा ठणठणीत बसत होता.

मग क्रांती मॅडम माईकपाशी आल्या. लोक उठायला लागले.

"सर्वप्रथम आदरणीय आक्कांचे आभार," त्या संथपणे म्हणाल्या. "ही रेषा पाहता, पाणी तेव्हा खाली, वरून तिसऱ्या पायरीलाच थांबलं होतं. आक्का वरच्या पायरीवर होत्या. म्हणजे पाणी पायापर्यंत आलंच नव्हतं. तरीही आक्कांनी वरूनच खाली नारळ टाकून नदीची ओटी भरली. या श्रद्धेबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे."

उठलेले लोक बसले.

"काय म्हणाली गं ही?" आक्का खुर्चीतनं उठल्या. गुडघ्याचा पट्टा निसटला. "वरनं टाकला? मी?"

"आक्का, तुम्ही बसा बघू," अमरसिंह धावले.

"बसतीया व्हय! माझ्या पायाच्या बोटाला पाणी लागलंतं! वरच्या पायरीवर! वाकून, पदर सावरून ओटी सोडली मी. नदी हाय ती. कुत्रं हाय व्हय, वरनं भाकरी टाकायला?"

समितीतल्या एका सदस्यानं चष्मा काढला. "म्हणजे पाणी नेमकं कुठवर होतं?"

"हा श्रद्धेचा विषय आहे," मगदूम सर म्हणाले.

"श्रद्धा न्हाय रं बाबा, पाणी हुतं! हितं!" आक्कांनी पायऱ्यांपाशी जाऊन हातातली काठी खांबावर आपटली, बरोबर जिथं लाल रेघ होती तिथं. ओला रंग काठीला लागला.

अमरसिंहांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "मगदूम, तो दगड वर घ्या."

मगदूम सर त्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, दगड वर घेतला तर वसतिगृहाचा तळमजला पाण्यात जातो. तेवढ्यासाठी तर खाली घेतला."

अमरसिंह माईकच्या शेजारी उभे होते आणि माईक चालू होता. कर्ण्यातून ही माहिती मांडवभर, समितीच्या गाडीपर्यंत आणि पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली.

"कंचं वसतिगृह?" आक्कांनी विचारलं. "माझं नाव देतायसा त्येच? पुराच्या पाण्यात माझी पाटी लावतोस, अमर? आणि पोरी कुठं निजायच्या, माशांसंगं?"

"आक्का, घरी बोलू."

"हितंच बोल की! दुसरी जागा न्हाय तुला?"

"हाय, पण तिथं मेहुण्याचं—"

"मेहुण्याला म्हणावं, खुर्च्या उचल. न्हायतर नाव काढून टाक माझं, आजच्या आज!"

आईचं नाव काढलं तर येत्या निवडणुकीत काय होईल, याचा अमरसिंहांनी उभ्या उभ्या अंदाज घेतला. मग माईक हातात घेऊन, जणू हे आधीच ठरलं होतं अशा आवाजात, त्यांनी जाहीर केलं की वसतिगृह वरच्या जागेत होईल. कोपऱ्यात उभे असलेले मेहुणे लगेच फोनवर बोलायला लागले आणि बोलत बोलत बाहेर गेले. समितीनं कागदावर काय लिहिलं ते कळलं नाही, पण नाश्ता न घेताच ते गाडीत बसले. गाडी गारच होती.

मगदूम सर हसऱ्या चेहऱ्यानं क्रांती मॅडमपाशी आले. दात मात्र आवळलेलेच होते. "झालं समाधान? पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर विसरायची."

"विसरले, सर."

"मग उतरा खाली."

"आभार अर्धे राहिलेत."

त्यांनी माईक पुन्हा ओढून घेतला. मांडवातून या वेळी कुणीही उठलं नव्हतं.

"शेवटी," त्या म्हणाल्या, "माईक अगदी योग्य वेळी चालू ठेवल्याबद्दल साउंडवाले पिराजी यांचे विशेष आभार."