अनयचे मार्क

कॅप्टन राघवेंद्र श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकत होते, तेवढ्यात जिन्यावर घरमालकीण कमलम्माच्या चपला वाजल्या. शिवकन्या सिस्टरने यंत्र चटकन पदराखाली घेतलं. कॅप्टननी उरलेला श्वास नुसताच खोलीत सोडून दिला.

"सायेब, टेस्टचा निकाल लागला म्हनं," कमलम्मा दारातूनच म्हणाली. "अनयला किती पडले?"

"फिजिक्सला एकसष्ट, मावशी."

"एकसष्टच? खालच्या खोलीतल्या पोरीला शहात्तर हायेत बगा. पोरगं नीट खात न्हाई, म्हनून तसं होतंय. हॉस्टेलचं वरण लई पातळ. हे शेंगदान्याचे लाडू घ्या. न्हेऊन द्या त्याला. तुम्ही खाऊ नका."

"नाही खाणार."

कमलम्मा खाली गेली. सिस्टरने यंत्र बाहेर काढलं. "परत फुंका."

कॅप्टननी फुंकलं. यंत्रावर शून्य आलं. मग सिस्टरने गोळी दिली. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की माणूस आडवा होतो, म्हणून ती रोज तिच्या डोळ्यांदेखत घ्यायची असा नियम होता. कॅप्टननी पाण्याबरोबर गोळी गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि लाडवाचा डबा उघडला.

"गेल्या वेळी अठ्ठावन्न होते," ते हसत म्हणाले. "सुधारतोय पोरगा."

सिस्टर हसली नाही. ती तशी कशालाच हसत नसे. नव्या पेशंटला वाटे, बाई कडक आहे. जुन्यांना ठाऊक होतं की कडक वगैरे काही नाही, बाईला काही वाटतच नाही. बेवड्यांच्या रडण्याला भुलायचं नाही हे बाकीच्या नर्सना शिकवावं लागे. शिवकन्याला ते आयतं येत होतं.

अनय नावाचा मुलगा लातुरात नव्हताच. होती ती डॉक्टर रेणुकादासांच्या व्यसनमुक्ती केंद्राची युक्ती. डॉक्टरांचा एक वर्गमित्र वैमानिक. तो इथे सुधारून पुन्हा विमान उडवायला लागला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मुंबई-दिल्लीत ओळखीचं कोण कुठे भेटेल याचा नेम नाही. लातुरात विमानवाल्यांना कोण ओळखतो? दवाखान्यातून सुटल्यावर बरेच महिने नजरेखाली राहायचं, मग मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं, आणि बोर्डाने हो म्हटलं तर पुन्हा विमान. एवढे दिवस राहायला क्लासच्या गल्लीसारखी जागा नाही. परगावचा माणूस, ओढलेला चेहरा, हातात बॅग, झोप नाही. गल्लीला वाटे, आला आणखी एक बारावीचा पालक.

कमलम्मा तर खोली द्यायचीच फक्त पालकांना. तेव्हा सिस्टरनेच नियम काढला होता: प्रत्येक वैमानिकाने एकेक खोटं मूल धरायचं. एक जण तर बिनलग्नाचा होता. त्याला तिने मामा केलं.

कॅप्टन मूळचे नांदेडचे. बारावी त्यांनी लातुरातच केलेली, त्यामुळे टेस्ट, बॅच, रिपीटर ही भाषा त्यांच्या तोंडात बसलेली. एका सकाळी विमानात माणसं बसून तयार होती आणि यांच्या फुंकरीने यंत्र वाजलं. माणसं तशीच खाली उतरवली. बायको तेव्हाच मुलाला घेऊन बंगळुरला माहेरी गेली. खरा अनय तिकडे होता, आठवीत, आणि बापाचा फोन घेत नव्हता. इथल्यासाठी नाव काय ठेवायचं असं सिस्टरने विचारलं, तेव्हा कॅप्टननी तेच सांगितलं.

दुपारी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "राघवेंद्रचा रिपोर्ट बोर्डाला पाठवायचाय. तुम्ही हो म्हणा, मी सही करतो."

"एवढ्यात नको, सर."

"का? थेंबाला शिवला नाहीये तो."

"थेंब नाही. पण खोटं बोलताना त्यांना मजा यायला लागलीय. बाटली लपवणाऱ्याला येते तशी. उद्या तिकडं गेल्यावर ह्याच सवयीनं पुन्हा लपवतील."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते खोटं त्याच्या तोंडात कुणी घातलं, सिस्टर?"

ते तिनेच घातलं होतं.

"या वेळी बोर्ड हुकलं तर कंपनी त्याला ठेवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मग विमान कायमचं गेलं. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही, पण एवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळी ती कॅप्टनच्या खोलीवर गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, "कमलम्माला खरं सांगा. मग मी हो म्हणते."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "तुमचं डोकं फिरलंय का, सिस्टर? ती गल्लीभर करेल. कुणीतरी पेपरात देईल. मला पुन्हा कॉकपिटमध्ये कोण बसू देईल?"

"ते मला माहीत नाही."

"आणि तुम्ही?" त्यांचा आवाज चढला. "त्या दिवशी माझ्यासमोर मावशीनं तुम्हाला विचारलं, लेकरं किती. तुम्ही म्हणालात, नाहीत. दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे."

"खोटं कुठं बोलले? नाहीत."

"होता ना पण?"

शिवकन्याने पर्सची चेन लावली. "सकाळी सहाला येते," म्हणाली आणि जिना उतरली.

भूकंपाच्या रात्री ती नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नाइट ड्यूटीवर होती. मुलगा दोन वर्षांचा. ड्यूटी संपेस्तोवर म्हणून आईकडे ठेवलेला, औशाच्या पुढे, किल्लारीच्या बाजूला. गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं होतं. पथकाबरोबर ती गावात पोहोचली तेव्हा कुणाला आणि कुठे अग्नी दिला हे सांगायला घरातलं कुणी उरलं नव्हतं. तिच्या हातात लशीची पेटी होती, समोर माणसांची रांग होती. तिने दंडाला कापूस लावायला सुरुवात केली ती संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून पंधरा वर्षं ती तशीच काम करत होती. नवरा काही वर्षं रडला, चिडला, मग उदगीरला भावाकडे गेला आणि त्याने दुसरं लग्न केलं. तिने त्याला बोल लावला नाही. बोल लावायलाही आत काही लागतं.

सकाळी ती गेली तेव्हा कमलम्मा आधीच वर आलेली. हातात धपाट्यांचं ताट.

"पोराला गरम असतानाच न्हेऊन द्या, सायेब."

कॅप्टन खाटेवरून उठले. सिस्टरकडे त्यांनी पाहिलंही नाही. "मावशी, अनय इथं नाही. इथं माझं कुणीच शिकत नाही. मी विमान चालवत होतो. दारूपायी उतरवलं मला. ती सोडवायला मी इथं राहिलोय."

कमलम्मा ताट धरून उभीच राहिली. "मंग लाडू?"

"मी खाल्ले."

"समदे?"

"सगळे."

"शिवा शिवा! अन् मार्क कोन द्यायचं?"

"मीच."

कमलम्माने ताट खाली ठेवलं. तिला राग आला होता हे दिसत होतं, पण तो नेमका कशाचा हे तिलाच ठरवता येत नसावं. "आपल्याच हातानं द्यायचे तर एकसष्टच दिले व्हय? जास्ती द्यायचे की!"

कॅप्टन हसायला गेले आणि ते जमलं नाही. "मी त्याला कधी अभ्यासाला घेऊन बसलोच नाही, मावशी. जास्त कुठून पडतील?"

ते खाटेवर बसले आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. शिवकन्याने पेशंट रडताना खूप पाहिले होते. हे रडणं कुणाला दाखवायचं नव्हतं, एवढं तिला कळलं. तिने यंत्र काढून खाटेवर ठेवलं आणि कॅप्टन फुंकायला तयार होईपर्यंत थांबली.

दवाखान्यात गेल्या गेल्या ती डॉक्टरांना म्हणाली, "लिहा, सर."

गल्लीत काही म्हणजे काही फुटलं नाही. कमलम्माने अनयची प्रगती स्वतःच घरोघर सांगितलेली, आता तिच्याच अब्रूचा प्रश्न होता. कॅप्टन बोर्डाला गेले, पास झाले. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे विमानतळाचा गलबला होता.

"सिस्टर, उतरलो नीट. आज पहिलंच उड्डाण. उजव्या खुर्चीवर, को-पायलट म्हणून, पण बसलो."

"बरं झालं. यंत्र?"

"शून्य."

"अनय?"

"अजून नाही घेत फोन. मी करतो रोज."

तिने फोन ठेवला आणि अर्धवट भरलेलं इंजेक्शन पुन्हा हातात घेतलं. आपल्याला आनंद झाला का, हे तिने थोडा वेळ पाहिलं. झाला असता तर तिलाही बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात नवा वैमानिक आला, बसवंत नावाचा. त्याला घेऊन ती कमलम्माकडे गेली. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती.

"मावशी, हे पालक नाहीत. पेशंट आहेत. चालत असेल तर खोली द्या."

कमलम्माने बसवंतला खालून वर न्याहाळलं आणि कमरेची किल्ली काढून दिली. "जावा वर. नळाला सकाळीच पानी येतंय." तो जिना चढून गेल्यावर ती म्हणाली, "आधीच सांगितलंस, बरं केलंस." मग शेंगांवरची नजर न काढता तिने विचारलं, "अन् तू गं? लेकरू न्हाई म्हन्ली होतीस मला. खरंच न्हाई का?"

शिवकन्या पायरीवर उभी होती. "होता," ती म्हणाली. "भूकंपात गेला."

कमलम्माचे हात थांबले. "नाव काय?"

"सासऱ्यांचं ठेवलं होतं. बसलिंगप्पा. बसू म्हणायचो."

"आज कितवीला असता?"

हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिच्याकडचा बसू तेव्हापासून दोनच वर्षांचा होता. त्याला कुठली यत्ता नव्हती. समोरचा क्लास सुटला होता आणि मिसरूड फुटलेली पोरं पाठीवर सॅक लटकावून, सायकली ओढत बाहेर पडत होती. शिवकन्याने बोटांवर वर्षं मोजली, मग पुन्हा एकदा मोजली.

"बारावीला," ती म्हणाली.

ती ओट्यावर बसली. कमलम्माने शेंगांचं सूप बाजूला सारून तिला जागा केली. दोघी सुटलेल्या क्लासकडे बघत राहिल्या.

मग शिवकन्याने विचारलं, "मावशी, फिजिक्सला कोण चांगलं शिकवतं इथं?"

कमलम्माने पदराने डोळे पुसले, आणि एकेका सरांचं नाव घेऊन ती सांगू लागली.